स्वयंपूर्ण तालुक्याची कसोटी

अन्न, पाणी, जळण आणि निवारा या चार गोष्टी जो प्रदेश आपल्या रहिवाशांस स्वतःच पुरवू शकतो, तो स्वयंपूर्ण, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. व्याख्या चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. सुगीच्या दिवसांत पाहिले असता पुष्कळ तालुके तीत बसतील. खरी परीक्षा अवर्षणाच्या साली, अतिवृष्टीच्या आठवड्यात आणि भूकंपाच्या रात्री होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा मुंबईची कितीतरी कष्टकरी कुटुंबे आपापल्या गावी परतली आणि गाव आपल्याला किती दिवस पोसू शकेल, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. तेव्हापासून शहर सोडून खेड्यात स्थायिक होऊ पाहणारांनीही हा प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे झाले आहे.

या परीक्षेस सातारा जिल्हा फार सोयीचा आहे. पूर्वेस माण आणि पश्चिमेस पाटण असे दोन तालुके या एकाच जिल्ह्यात आहेत. माणच्या वाट्यास वर्षाकाठी सुमारे साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर पाऊस येतो. पाटणच्या पश्चिम टोकास, कोयनेच्या खोऱ्यात, तो चार हजारांच्याही वर जातो. वरवर पाहणारा पाटणची निवड करील. परंतु हिशेब मांडून पाहिला म्हणजे निर्णय इतका सोपा राहत नाही.

प्रथम माणचा हिशेब घेऊ. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी ४० लिटर धरले, तरी दिवसास २०० लिटर पाणी लागते. पावसाळा संपल्यापासून पुढला पावसाळा लागेपर्यंतचे आठ महिने म्हणजे सुमारे ४८,००० लिटर झाले. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर ४५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यातला थेंबन् थेंब साठविला तरी २२,५०० लिटरच भरतात. म्हणजे गरजेच्या निम्मेसुद्धा नाहीत. गुरांचे पाणी यात धरलेलेच नाही. उरलेली तूट विहिरीने भरून काढावयाची, आणि विहीर भरावयाची ती बांधबंदिस्तीने व शिवारात मुरविलेल्या पाण्याने. उरमोडीचे पाणी आता माणच्या काही भागास मिळू लागले आहे, ही मोठीच सोय होय. मात्र ते विजेच्या पंपांनी उपसून आणावे लागते. वीज बंद पडली, की ते थांबले.

धान्याचेही तसेच. माणशी रोज अर्धा किलो धरल्यास त्याच कुटुंबास वर्षास नऊ क्विंटल धान्य हवे. कोरडवाहू बाजरी किंवा शाळू साधारण साली एकरी तीन-चार क्विंटल उतरला, तर तीन एकर पुरे. परंतु ज्या साली पाऊस दडी मारतो, त्या साली तीन एकरांतून कडबासुद्धा हाती लागत नाही. १९७२ चा दुष्काळ तसाच होता. २०१२-१३ साली तर म्हसवडच्या छावणीत हजारो जनावरे चाऱ्यासाठी आणावी लागली. यावरून निष्कर्ष असा निघतो, की माणसारख्या मुलखात शेताइतकेच महत्त्व साठ्यास आहे. देशावरच्या कोरड्या जमिनीत पूर्वी धान्य पेवात पुरून ठेवीत, ते याच अनुभवामुळे. घरात एका वर्षाचे धान्य आणि परड्यात एका वर्षाचा कडबा शिल्लक असल्याखेरीज त्या मुलखातील शेतकऱ्याने स्वतःस निर्धास्त समजू नये.

आता पाटण. तेच छप्पर तेथे दोन लाख लिटर पाणी देऊ शकते. भात, नाचणी, वरी पिकते. जळण मुबलक आहे. तथापि तीव्र उताराच्या कातळावर पडलेले पाणी पाहता पाहता दरीत उतरते आणि चैत्र-वैशाखात डोंगरावरच्या वाड्यांतील बायांना हंडा घेऊन दूरवर जावे लागते. दमट हवेत पेव निरुपयोगी; तेथे शेणाने सारवलेली कणगीच हवी, आणि तीही चुलीच्या उबेला.

परंतु पाटणचे खरे भय पायाखाली आणि पाठीशी आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या परिसरात मोठा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चिखलात रचलेल्या दगडी भिंतींनी झोपेतल्या माणसांचा घात केला. पुढे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळला. रस्ते खचल्याने मदतही वेळेवर पोहोचू शकली नाही. ज्या पावसामुळे हा तालुका भाग्यवान ठरतो, तोच पाऊस त्याचा रस्ता तोडतो. म्हणून येथे जागा निवडताना विहिरीच्या आधी घरामागचा उतार पाहावा, आणि वजनदार भिंतीपेक्षा जोडलेल्या लाकडी सांगाड्यावरील हलके छप्पर बरे मानावे.

याखेरीज काही वस्तू अशा आहेत, की त्या दोन्ही तालुक्यांत होत नाहीत. मीठ किनाऱ्यावरून येते. लोखंड, औषधे आणि रॉकेल बाहेरून येतात. पाटण-जावळीकडील घरांच्या खर्चास मुंबईतील माथाडी कामगारांच्या कमाईचा आधार आहे, आणि तोच २०२० साली एकाएकी सुटला. तेव्हा संपूर्ण स्वावलंबन ही कल्पना कोणत्याही तालुक्याच्या बाबतीत खरी नाही. बाहेरचा पुरवठा तुटल्यावर किती दिवस तग धरता येईल, एवढेच मोजता येते.

हे दिवस वाढविणारी शक्ती माणसांच्या संघटनेत असते. याच मुलखातील औंध संस्थानाने १९३९ साली गावपंचायतींच्या पायावर उभारलेली राज्यघटना स्वीकारली. ती तयार करताना महात्मा गांधींचा सल्ला घेतलेला होता. संस्थान पुढे विलीन झाले. परंतु गावाने आपला कारभार स्वतः पाहावा, हे त्यामागील तत्त्व संकटकाळी आजही तितकेच उपयोगी आहे. पाणी कोणास किती, रात्री कोणाचे दार ठोठवावयाचे, आजाऱ्यास डोलीतून कोणी न्यावयाचे, हे ज्या गावात आधीच ठरलेले असते, तेथे दोन क्विंटल धान्य चार घरांस पुरते. जेथे ते ठरलेले नसते, तेथे भरलेली कणगी भांडणाचे कारण होते.

तेव्हा गाव निवडू पाहणाराने हिरवे शिवार पाहून भुलू नये. वैशाखात जावे आणि विहिरीत दोर सोडून पाहावा. श्रावणात जावे आणि रस्ता किती दिवस बंद असतो, हे विचारावे. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून सर्वांत वाईट साल कोणते व त्या साली काय खाल्ले, हे ऐकून घ्यावे. सर्वांत जवळचा दवाखाना पायी किती दूर आहे, ते स्वतः चालून पाहावे. आणि शेवटी शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी. कारण भूकंपाच्या रात्री सर्वांआधी धावून येतो तो शेजारीच.