जादूची शक्ती आणि तिचा जाब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय यावेत आणि मी मात्र मुलांच्या कार्टूनवर बोलावे, हे काही श्रोत्यांना हलके वाटेल. परंतु आपले मूल शाळेत नागरिकशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी सत्तेविषयी काही शिकलेले असते, आणि ते शिकते गोष्टींतून. पूर्वी आजी गोष्ट सांगे, आता पडदा सांगतो. त्या गोष्टीत कुणाच्या तरी हाती जादूची शक्ती असतेच. ती शक्ती न्यायाने वापरली गेली काय, हे आपण वडीलधारी माणसे विचारीत नाही. चित्र संपले की दिवा लावतो आणि जेवायला बसतो. तो प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा, असा माझा मानस आहे.

प्रश्न नवा नाही. ज्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक करून हलवीत त्यांची चित्रे टिपली आणि निर्जीव काड्यांना पडद्यावर नाचविले, त्यांनीच १९१३ साली ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. भस्मासुराची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. वर देताना कुणी विचारले नाही, की या हाताला आवरणार कोण? आणि तो हात पहिल्यांदा उगारला गेला तो वर देणाऱ्यावरच.

परदेशी चित्रपटांत हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. १९९२ सालच्या ‘अलादीन’मधला दिव्यातला जिन पहा. तो अपार सामर्थ्याचा आहे, पण आपल्या मर्यादा आधीच सांगून टाकतो : मी कुणाला ठार मारणार नाही, कुणाच्या मनात प्रेम उत्पन्न करणार नाही, मेलेल्याला उठविणार नाही. मर्यादा उत्तम आहेत. तरीही दिवा दुष्टाच्या हाती जाताच तोच जिन त्याला सुलतान करतो, जादूगार करतो. का? कारण त्याला सामर्थ्य आहे, पण नकार देण्याचा अधिकार नाही. नियम कितीही चांगले असोत, पाळणारा गुलाम असेल तर ते अपुरे पडतात. म्हणून अलादीनने शेवटची इच्छा जिनाच्या मुक्ततेसाठी खर्च करावी, यात मला त्या कथेचे खरे शहाणपण दिसते.

आता एक वादाचे प्रकरण घेऊ. १९९१ सालच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये एका राजपुत्राने दारी आलेल्या म्हातारीला आसरा नाकारला. ती निघाली जादूगारीण. तिने त्याला पशू केले, आणि वाड्यातल्या नोकरचाकरांनाही शाप दिला. कुणी घड्याळ झाला, कुणी मेणबत्तीचे झाड, कुणी किटली. शापाची मुदत राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंतची. नोकर सांगतात, दहा वर्षे झाली. हिशेब केला तर गुन्ह्याच्या वेळी हा राजपुत्र अकरा वर्षांचा पोर ठरतो! आणि स्वयंपाकघरातल्या बाईचा अपराध तो कोणता? कुणी म्हणेल, अहो, शापामुळेच तो सुधारला, शेवट गोड झाला. मान्य आहे. पण शेवट गोड झाला म्हणून मधली शिक्षा न्याय्य ठरत नाही. आपल्या महाभारतात शृंगीने परीक्षिताला शाप दिला, तेव्हा त्याच्याच पित्याने, शमीक ऋषींनी, त्याला दोष दिला. वास्तविक राजाने मेलेला साप टाकला होता तो शमीकांच्याच गळ्यात! तरी अपमान सोसलेला माणूस म्हणतो, अपराधाच्या मानाने शिक्षा फार झाली. असा एक शमीक त्या चित्रपटात कुणी घातला असता, तर मुलांचे कल्याण झाले असते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शक्ती दडपून टाकणे हा उपाय नव्हे. २०१३ सालच्या ‘फ्रोझन’मध्ये एल्साच्या हातून बर्फ पडते. धाकट्या बहिणीला इजा झाली म्हणून आईबाप तिला दाराआड ठेवतात. परिणाम असा, की भीतीने ती शक्ती उसळते आणि ऐन उन्हाळ्यात सारे राज्य गोठते. आपल्या मारुतीची कथा याहून शहाणी आहे. २००५ साली त्यावर आपल्याकडे ‘हनुमान’ हा कार्टूनपट निघाला. बाळ मारुती ऋषींना त्रास देतो, म्हणून ते त्याला शाप देतात : तुझे बळ तू विसरशील, कुणी आठवण करून दिली म्हणजे तुला ते स्मरेल. बळ काढून घेतले नाही. कार्याची वेळ येईपर्यंत ते राखून ठेवले. समुद्रकाठी जांबवंत आठवण देतो, तीही सीतेच्या शोधासाठी.

एवढी चर्चा मी मनोरंजनासाठी केलेली नाही. १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’मध्ये दुष्ट राणी विषारी सफरचंद घेऊन येते ती वाकलेल्या, नाकावर चामखीळ असलेल्या म्हातारीच्या रूपात. कुरूप, एकटी, म्हातारी बाई म्हणजे चेटकीण, हे चित्र मुलांच्या मनात बसते. चित्रपटांमुळे अंधश्रद्धा आली असे मी म्हणत नाही. ती चित्रपटांहून फार जुनी आहे. पण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. पडद्यावर शक्ती खरी असते आणि तिचा जाब कुणी विचारीत नाही. गावात शक्ती मुळी नसतेच, आणि जाब मात्र काठीने विचारला जातो! डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याला छळणे आता गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद सांगितली आहे. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. मन त्याआधी घडते.

तेव्हा मुलांची कार्टून बंद करा, असे सांगायला मी उभा नाही. नवल हा बालपणाचा हक्क आहे. आपल्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपल्यावर रात्र रात्र नाटके पाहणाऱ्या माणसांना हे मी काय सांगावे! माझी विनंती एवढीच, की मुलांबरोबर पाच मिनिटे बसा आणि तीन गोष्टी विचारा. या शक्तीचा मार कुणाला लागला, आणि त्याचा दोष होता काय? या शक्तीला ‘थांब’ म्हणणारा कुणी होता काय? आणि जिला चेटकीण म्हटले, तिचे म्हणणे कुणी ऐकून घेतले काय? ज्या मुलाला हे प्रश्न विचारण्याची सवय लागेल, ते उद्या चौकातल्या जमावात सामील होण्यापूर्वी क्षणभर थांबेल. त्या क्षणात एखाद्या म्हातारीचा जीव वाचेल.