न्हाणीघरांतील वास आणि वास नसलेला वायु

पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत मार्गशीर्ष-पौषाची पहांट चांगलीच बोचरी असते. कारखान्याची पहिली पाळी गांठावयाची असल्यामुळें घरोघरीं सूर्योदयापूर्वींच गरम पाण्याची लगबग सुरू होते. शीत प्रदेशांत सबंध घर तापविण्यासाठीं तळघरांत भट्टी असते. या भागांत घरची उष्णता म्हणजे मुख्यतः न्हाणीघरांतील गॅसचा किंवा विजेचा गीझर, आणि क्वचित् एखाद्या वृद्धाच्या खोलींतील विजेची शेगडी. या साधनांतून एखादे दिवशीं अनोळखी वास आला, तर बहुधा खिडकी उघडली जाते, उदबत्ती लावली जाते आणि मंडळी आपापल्या कामाला लागतात. परंतु असा वास हा पुष्कळदां बिघाडाचा पहिला, आणि कधीं कधीं एकमेव, निरोप असतो.

जुन्या चिंचवड गांवांतील वाड्यांत पाणी तापे तें तांब्याच्या बंबांत. बंब असे परसांत अथवा पडवींत. त्याच्या धुरानें डोळे चुरचुरत, भिंती काळवंडत. पण तो धूर मोकळ्या हवेंत निघून जाई आणि कांहीं बिघडलें तर आधीं सूचनाही देई. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, पुढें औद्योगिक वसाहती वाढल्या, वाड्यांच्या जागीं सदनिका आल्या. बंब गेला, आणि परसांतला अग्नि घरांतील सर्वांत लहान व सर्वांत बंदिस्त खोलींत येऊन बसला. धूर नाहींसा झाला. धोका मात्र नाहींसा झाला नाहीं.

पहिला वास सडक्या कोबीसारखा अथवा कुजक्या लसणीसारखा. हा गॅसचा वास आहे असें सर्व समजतात; पण सिलिंडरमधील गॅसला आणि नळानें येणाऱ्या नैसर्गिक वायूला स्वतःचा असा ओळखूं येणारा वास जवळजवळ नसतोच. मर्कॅप्टन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळलेलें असतें. या सावधगिरीमागें मोठी किंमत मोजलेली आहे. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत न्यू लंडन या गांवच्या शाळेंत वासरहित वायु सांचून स्फोट झाला आणि सुमारें तीनशें मुलें व शिक्षक मृत्युमुखीं पडले. त्यानंतर वायूस दुर्गंध देण्याचे कायदे झाले. तो दुर्गंध आला, तर विजेचें कोणतेंही बटण लावूं नये आणि बंदही करूं नये. दोन्ही वेळीं ठिणगी पडूं शकते. गॅसची चावी बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें आणि बाहेरूनच दूरध्वनि करावा. सिलिंडरच्या गॅसच्या गळतीसाठीं १९०६ हा क्रमांक आहे; नळाच्या गॅसच्या कंपनीचा तांतडीचा क्रमांक आधींच दाराजवळ लिहून ठेवावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत सांचतो, नळाचा वायु हलका असल्यानें छताकडे जातो. म्हणून खिडकीबरोबर दारही उघडणें इष्ट.

दुसरा वास सडक्या अंड्यांचा, आणि तो पाण्यांतून येतो. विजेच्या गीझरच्या टाकीला गंज चढूं नये म्हणून आंत मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. पाण्यांत सल्फेट असलें आणि टाकी बरेच दिवस कोमट राहिली, तर विशिष्ट जंतु त्या कांडीच्या साहाय्यानें हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. विंधण विहिरीचें किंवा टँकरचें पाणी वापरणाऱ्या गृहसंकुलांत हा अनुभव अधिक येतो. गरम नळालाच वास येत असेल तर दोष गीझरचा. गारही तसेंच येत असेल तर दोष टाकीचा अथवा पाण्याचा. कारागिराकडून टाकी धुववून घ्यावी आणि कांडी तपासून घ्यावी. मात्र नळ बंद असतांनाही वास दरवळत असेल, तर तो गॅसच समजून वागावें.

तिसरा वास जळक्या प्लॅस्टिकचा किंवा मासळीसारखा. सैल बसलेल्या तारेमुळें अथवा प्लगमुळें वेष्टण तापूं लागलें, म्हणजे तो येतो. येथें गॅसच्या वासाचा संशय नसेल तर मुख्य बटण बंद करावें आणि तंत्रज्ञ येईपर्यंत तें उपकरण लावूं नये. वर्षभर माळ्यावर पडलेली विजेची शेगडी प्रथम लावली म्हणजे धूळ जळून जो वास येतो, तो निराळा; थोड्याच वेळांत तो जातो. गेला नाहीं तर त्यालाही तिसऱ्याच वर्गांत घालावें.

चौथा वास आंबूस व नाकाला झोंबणारा. गॅसची ज्योत निळी राहण्याऐवजीं पिवळी झाली, बर्नरवर काजळी धरली, किंवा घरांत रंगकाम चालूं असतां त्याची वाफ ज्योतींत ओढली गेली, तर तो येतो. यंत्र नीट जळत नाहीं, इतकें तो सांगतो.

आणि सर्वांत भयंकर तो पांचवा प्रकार, ज्याला वासच नाहीं. प्राणवायु अपुरा पडला कीं गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पांच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा न्हाणीघरांत सुमारें नऊ घनमीटर हवा मावते. एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारें तेरा घनमीटर हवा लागते. खिडकी लावलेल्या खोलींत एकामागून एक तीन-चार आंघोळी झाल्या, तर शेवटच्या माणसाच्या वांट्यास कशी हवा येईल हें निराळें सांगावयास नको. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट जोडला जातो. डोकें दुखतें, मळमळतें, पाय लटके पडतात, आणि दार उघडण्याचें भान येण्यापूर्वींच माणूस कोसळतो. अशा वेळीं बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवूं नये. तें साधन या विषारी संयोगालाही प्राणवायूच समजून समाधानकारक आंकडा दाखवितें. रोग्यास ताबडतोब मोकळ्या हवेंत न्यावें, रुग्णालयांत पोहोंचवावें आणि घरांत गॅसचा गीझर चालूं होता हें डॉक्टरांना आवर्जून सांगावें. साध्या हवेंत तो वायु रक्तांतून निम्मा होण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास हा काळ सुमारें दीड तासावर येतो.

नाकावर सर्व भिस्त ठेवतां येत नाहीं, ती याच कारणानें. शिवाय एकच वास सतत आला कीं नाक त्याला सरावतें. सर्दी, वार्धक्य आणि २०२० नंतरच्या करोनाच्या साथीनें कित्येकांची घ्राणशक्ति क्षीण झालेली आहे. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं बसविणें हा खरा उपाय. तें होईपर्यंत झरोका उघडा ठेवणें, बादली भरून गीझर बंद करणें आणि मगच आंघोळीस बसणें, हा नेम असावा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें छोटें यंत्रही मिळतें, तें घरांत असणें चांगलें.

पूर्वीं वडील माणसें न्हाणीघराच्या दाराशीं येऊन "झालें का रे?" म्हणून हांक मारीत, आणि आंतील तरुण त्रासून उत्तर देत. ती हांक उगाच नव्हती. दार बंद आहे, पाणी वाहतें आहे आणि उत्तर मात्र येत नाहीं, अशी वेळ आलीच, तर क्षणाचाही विलंब न करतां तें दार उघडलें पाहिजे. आणि उघडतां यावें म्हणून त्याची कडी बाहेरूनही काढतां येईल अशीच असावी.