हाड मोडल्यावर

अस्थिरोगशास्त्राचा विषय नुसती हाडे नव्हेत. सांधे, स्नायू, अस्थिबंध, पाठीचा कणा अशी शरीर हलवणारी सगळी यंत्रणा त्यात येते. अपघातातली मोडतोड, जन्मजात वाकडी पावले, हाडांचा क्षय, गाठी, संधिवात आणि वयानुसार होणारी झीज, असे सगळे रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे येतात.

कर्नाटकात काळी नदीच्या खोऱ्यातल्या जोयडा तालुक्यासारख्या डोंगराळ, जंगली मुलखात झाडावरून पडणे हे हाड मोडण्याचे नेहमीचे कारण. उंचावरून माणूस पायांवर आपटला की टाचेचे हाड चेचते आणि तोच धक्का वर जाऊन कमरेचा मणका दबतो. टाच इतकी ठणकते की पाठीकडे लक्षच जात नाही. म्हणून जाणता तज्ज्ञ टाच मोडलेली दिसताच मणक्याचाही एक्स-रे काढायला सांगतो. अशा जखमीला काखेत हात घालून बसते करू नये, फळीवर सरळ झोपवून न्यावे.

लहान मूल हातावर पडले की कोपराच्या वरचे हाड मोडू शकते. इथे खरी काळजी रक्तवाहिनीची असते. मनगटाची नाडी लागते का, बोटे गरम आहेत का, हे आधी पाहायचे. गावातला हाडवैद्य कामट्या लावून पट्टी बांधतो. साधे अस्थिभंग त्यात जुळतातही, कारण हाड मुळात आपले आपणच सांधते. पण पट्टी आवळली गेली आणि आत सूज वाढली, तर रक्तपुरवठा तुटून सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात. बोटे सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी तिथल्या तिथे सोडावी. कारवार किंवा बेळगावचे रुग्णालय गाठेपर्यंत थांबू नये. हात वाचतो तो याच वेळात.

रुग्णालयात मोडलेले हाड जागेवर बसवून प्लास्टर घालतात. मांडीच्या हाडात मोठ्या माणसाला बहुधा आतून सळई घालावी लागते. सांध्यात शिरलेल्या भेगेला प्लेट आणि स्क्रू लागतात. हाड जखमेतून बाहेर आले असेल, तर प्रतिजैविक लगेच सुरू करून जखम धुणे पहिले. मनगट साधारण सहा आठवड्यांत जुळते, नडगीला मात्र तीन-चार महिने लागतात. तेवढ्या काळात सांधे आखडतात, म्हणून व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे.

जन्मतः वळलेले पाऊल पोन्सेती पद्धतीने, दर आठवड्याला नवे प्लास्टर घालून, मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ करता येते. पुढे चौथ्या वर्षापर्यंत रात्री खास बूट घालावे लागतात. ते मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळते.

झिजलेल्या गुडघ्याला आधी वजन घटवणे, मांडीचे व्यायाम आणि काठी. चालणेच अशक्य झाले तर कृत्रिम सांधा. पाय कापावा लागला, तर 1968च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय आहे. तो लावून उकिडवे बसता येते आणि चिखलातही अनवाणी चालता येते.