शिवी घेऊ नका, कागद घ्या



कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला तो 'कामावरचा त्रासदायक साहेब'. विषय पुकारला तेव्हा मागे बरेचजण हसले. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे आपापला साहेब उभा राहिला असणार! आपल्या वस्तीत सूतगिरणीतले आहेत, एम.आय.डी.सी.तले आहेत, नगरपालिकेतले आहेत. साहेब निरनिराळे, तऱ्हा मात्र एकच.

पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत या साहेबाचं नाव जॉबर होतं. माणूस लावणं, काढणं, रजा देणं, बदलीवाल्याला दिवस देणं हे सगळं त्याच्या हातात, आणि त्याबद्दल तो पैसे खाई. अस्पृश्य कामगाराला तर विणखात्यात पाय ठेवू देत नसत. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! पगार जास्त होता तो नेमका विणखात्यात, हे विसरू नका. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. एखाद्या जॉबरशी हुज्जत घालत बसले नाहीत, सर्व खाती खुली करा असा हक्क मागितला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चाच. कामगाराला शिक्षा करायची तर आधी आरोप लेखी द्या, त्याचं म्हणणं ऐका, ही रीत त्यामुळे कारखान्यात आली. साहेबाच्या तोंडातला कायदा कागदावर आला, असं आम्ही म्हणतो.

आता विहारात आपण एक गोष्ट नेहमी ऐकतो. भगवान बुद्धांना एकाने शिव्या दिल्या. भगवंतांनी विचारलं, पाहुण्याने अन्न घेतलं नाही तर ते कुणाकडे राहतं? ज्याचं त्याच्याकडे. तशी तुझी शिवी तुझ्याकडे. गोष्ट खरी मोलाची आहे. पण आमची तरुण पोरं तिचा उलटा अर्थ करतात. शिवी बरोबर घेतात, डोक्यात घेतात, आणि चार्जशीट मात्र घेत नाहीत! बाबांनो, चार्जशीट नाकारली की ती नोटीस बोर्डावर चिकटवतात, चौकशी तुमच्या पाठीमागे होते आणि घरी येतं ते थेट बडतर्फीचं पत्र.

२००४ सालची आमच्या रिंग खात्यातली हकिकत सांगतो. एप्रिल महिना. हवेत ओलावा सोडणारा प्लांट बंद पडलेला. रिंग खात्यात ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर सूत तडातडा तुटतं. एकेका सायडरने सांधे मारायचे तरी किती? तेवढ्यात मास्तर आले. "झोपा काढता काय रे?" म्हणाले आणि एका पोराला आईवरून शिवी दिली. पोरगा बावीस वर्षांचा. त्याने हातातली बॉबिन उगारली. आम्ही दोघा-तिघांनी हात धरला म्हणून बरं. साहेबाला तेच पाहिजे होतं हो! वरिष्ठावर हात टाकला की मग प्लांट बंद होता का चालू, हे कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी तो निलंबित. आरोप तीन: कामात हयगय, मालाचं नुकसान, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. पोरगा म्हणाला, मी गुन्हा केला नाही, मी कागद घेणार नाही. आम्ही रात्री त्याच्या घरी बसलो. त्याची आई समजुतीची, ती म्हणाली, "घे बाबा, कागद काय चावतो?" सकाळी त्याने कागद घेतला, सही केली, सहीखाली तारीख घातली. मुदतीत उत्तर दिलं, जेवढ्यास तेवढं. साहेब असा, साहेब तसा, असं एक अक्षर नाही. आणि प्लांटचं रजिस्टर चौकशीत हजर करा, अशी मागणी केली.

चौकशीत मदतीला सहकारी कामगार बसवता येतो, तसे आम्ही बसलो. मास्तरांना तीनच प्रश्न विचारले. खात्यात आर्द्रता किती लागते? त्या दिवशी किती होती? बाकीच्या साच्यांवर तूट किती होती? पहिल्याचं उत्तर फाडकन आलं. दुसऱ्याला "आठवत नाही". मग रजिस्टर आलं. चाळीसच्या आत आकडा, आणि तूट सगळ्याच साच्यांवर. हयगयीचा आणि नुकसानीचा आरोप तिथेच गळाला.

शिवीचं मात्र सिद्ध झालं नाही. दोन साक्षीदार होते, त्यातला एक ऐनवेळी फिरला. त्याचा मुलगा बदलीत होता, कायम व्हायचा होता. त्याला आम्ही तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. पोराला उद्धटपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि तो सत्तेचाळीस दिवसांनी कामावर गेला. त्या दिवसांत निम्मा पगार आणि वस्तीतल्या भगिनींनी घरोघरून जमवलेलं धान्य, यावर त्याचं घर चाललं. मास्तर पुढे चार वर्षं तिथेच होते. स्वभाव काही बदलला नाही. पण खात्यात आईवरून बोलणं बंद झालं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. स्थायी आदेशांचा जुना कायदा त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत गेला. ती सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना आहे. म्हणजे लहान कारखान्यातल्या आपल्या पोरांचं छत्र गेलं, हे आमचं स्पष्ट मत. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के, ही तरतूद राहिली आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, तीत निम्मे प्रतिनिधी कामगारांचे. तुमच्याकडे ती आहे का, हे उद्याच विचारा. आणि ठेकेदार मोबाईलवर "उद्यापासून येऊ नको" असा निरोप धाडतो ना, तो रागाने पुसू नका. तोही कागदच आहे.

कोऱ्या कागदावर सही मागितली तर कितीही गोड बोलले तरी करायची नाही. जातीवरून बोलला तर तो विषय निराळा, त्याला १९८९ चा कायदा आहे. तेव्हा कोण कोण हजर होतं ती नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या दोन मुली उत्तरं लिहून द्यायला येतात, त्यांचं अक्षर आमच्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे. येताना मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स आणा, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी येऊ नका. जयभीम.