पाण्याचे फोटो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात पडद्यावर छायाचित्रं दाखवत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. जेवणाचा तांबडा-पांढरा तयार आहे आणि त्याचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी अठरा मिनिटांतच आटोपतो.

मला पाण्याचे फोटो काढायचा नाद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुरुवात साध्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्यानं झाली. एका रोलमध्ये बारा फोटो. बँकेच्या पहिल्या पगारात रोल आणि धुलाई परवडायची नाही, म्हणून बटण दाबायच्या आधी दहा वेळा विचार व्हायचा. आता मोबाइलवर बारा फोटो नातू बारा सेकंदांत काढतो. पण आधी विचार करायची सवय मला अजून उपयोगी पडते.

पहिला फोटो बघा. प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या इथं एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि इथून पुढं ती पंचगंगा. फोटो जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला आहे. नीट बघितलंत तर पाण्यात दोन रंग दिसतील. एका खोऱ्यात आदल्या रात्री पाऊस झाला, म्हणून तिकडचं पाणी तांबडं. दुसऱ्या बाजूचं अजून निवळशंख. हे फार थोडा वेळ टिकतं, मग सगळं एकच होऊन जातं.

दुसरा आणि तिसरा फोटो एकाच बंधाऱ्याचे. अशा बंधाऱ्याला सगळ्या महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, हे आपल्या मुलांना माहीत असावं. पावसाळा संपला की खांबांच्या मधे बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. अडवायचं केव्हा आणि सोडायचं केव्हा, एवढ्यावर सगळी युक्ती आहे. राधानगरीची तीच गोष्ट. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं आणि त्यांच्या पश्चात पुरं झालेलं धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानंच उघडतात. फोटो काढायला मी तिथं दोन दिवस मुक्काम केला, आणि दरवाजा उघडला तेव्हा मी चहा पीत होतो! (हशा)

नोकरीत बदल्या झाल्या, त्यानं एक फायदा झाला. मालवणला होतो तेव्हा देवबागचा संगम पाहिला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माडांखाली घरं. तिथल्या एका मच्छीमारानं मला भरतीची वेळ काढायला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. थोडं इकडं-तिकडं होतं, पण चालतं. मी जन्मभर व्याजाची गणितं केली, इतकं सोपं सूत्र कुठं भेटलं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. किनाऱ्यावर फोटो काढायचा तर आधी कालनिर्णय बघायचं, मग कॅमेरा उचलायचा. एकच जागा सकाळी आणि सहा तासांनी बघितली तर दोन वेगळी गावं वाटतात.

चिपळूणला वाशिष्ठी. हा फोटो भर एप्रिलमधला, तरी नदीत पाणी आहे. हे पाणी कोयनेचं. कोयना कृष्णेची उपनदी, तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडं जायचं. पण वीज तयार करायला ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरवलं, म्हणून ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. पुण्याच्या फोटोत कात्रजच्या तलावाकडून शनिवारवाड्याकडं येणाऱ्या पेशवेकालीन नळाचा उच्छ्वास आहे. औरंगाबादचा हा फोटो पाणचक्कीचा, मलिक अंबरच्या काळात सुरू झालेल्या नहरींच्या परंपरेतला. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी पंप नसताना, नुसत्या उतारावर पाणी शहरात आणलं. कारण त्यांनी जमिनीचा उतार ओळखला होता आणि पाण्याची वाट मोकळी ठेवली होती.

मुलीकडं हॉलंडला गेलो होतो, तिथला एकच फोटो दाखवतो. कालव्यांचे शेकडो आहेत, ते घरी या, चहाबरोबर दाखवीन. हे ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत आहे. काचेच्या उभ्या नळ्या आहेत. दोन नळ्यांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते. तिसरी नळी डोक्याच्या कितीतरी वर जाते. १९५३ साली त्यांच्याकडं मोठा पूर आला, त्या पाण्याची ती उंची, साडेचार मीटरच्या वर. रोज हजारो माणसं तिथून जातात, आणि मान वर करून बघतात. पूर गेला की विसरायचं नाही, अशी त्यांनी सोय करून ठेवली आहे.

आता आपल्या दाराशी येतो.

पावसाळ्यात आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर सकाळी एकच मेसेज फिरतो : राजाराम बंधारा, पातळी इतके फूट, इतके इंच. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५५ च्या पुढं गेला. २००५ आणि २०२१ चा पूर आपण पाहिला आहे. पंचवीस वर्षांच्या सोसायटीनं तीन मोठे पूर बघितले.

पूररेषा दोन असतात. निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर. लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. बरेच लोक समजतात, एकदा येऊन गेला म्हणजे आता पंचवीस वर्षं निश्चिंत. तसं नाही. याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार इतकी शक्यता. निळ्या रेषेवरच्या घरात पंचवीस वर्षं राहिलात, तर या काळात निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. इतकी जोखीम असलेलं कर्ज मी कधी मंजूर केलं नसतं.

आता हे तीन फोटो. तिन्ही आपल्या बी विंगच्या गच्चीवरून, टाकीशेजारच्या कठड्यावर कॅमेरा ठेवून काढलेले. तिन्ही मे महिन्यातले, सकाळी आठच्या सुमाराचे. आपल्या मागचा ओढा. पहिला २००२ चा, दुसरा २०१२ चा, तिसरा गेल्या वर्षीचा.

कुंपणाचे सिमेंटचे खांब मोजा. दोन खांबांत आठ फुटांचं अंतर आहे, मी टेपनं मोजलंय. २००२ च्या फोटोत ओढ्याचं पात्र पाच गाळे भरून आहे, म्हणजे चाळीस फूट. २०१२ मध्ये चार गाळे. गेल्या वर्षी तीन सुद्धा नाहीत. कुणी एकानं हे केलं असं नाही. इकडं थोडा भराव, तिकडं पाडलेल्या भिंतीचा राबिट, पलीकडं पत्र्याची शेड. एकेका वर्षात डोळ्याला काही दिसत नाही. एका जागेवरून फोटो काढत राहिलं की दिसतं.

पुराच्या वेळी आपल्याकडं पाणी नदीतून रस्त्यानं येत नाही. नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरेना होतं, उलट नदीचं पाणी ओढ्यातून मागं सरकतं. २०१९ ला पार्किंगमध्ये पाणी मीटरच्या पेटीखाली दोन विटांवर थांबलं होतं. त्याचाही फोटो आहे.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग वाढवायचा विषय आहे. गाड्यांची अडचण खरी आहे. ज्यांना रोज रात्री गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी लावून चालत यावं लागतं, त्यांचा त्रास मला समजतो. पण स्लॅबखाली अडकलेल्या फांद्या आणि प्लॅस्टिक काढायला जेसीबी जाणार नाही. वरून दिसणारही नाही. फोटोसुद्धा काढता येणार नाही. तेव्हा मत देण्याआधी हे तीन फोटो आणि ती मीटरची पेटी डोळ्यांसमोर आणा. पार्किंगसाठी पुढच्या मोकळ्या पट्ट्यात काय करता येईल, याचा एक कच्चा नकाशा मी कार्यालयात दिला आहे. त्यात चुका काढा, सुधारणा करा, पण बघा.

आणखी दोन विनंत्या. फाटकाच्या खांबावर तिन्ही पुरांच्या रेघा रंगानं काढू या, सालासकट. खर्च एका डब्याचा. दुसरी, टाकीशेजारच्या त्या कठड्यावर मी एक खूण केली आहे. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ ला गेली की, तिथूनच एक फोटो कुणीतरी काढावा. मोबाइलवर चालेल. क्षितिज सरळ ठेवा, कुंपणाचे खांब फोटोत येऊ द्या, तारीख लिहून ठेवा. धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसावं म्हणून शटर लांबवतात, तसलं इथं काही नको. पाणी जसं आहे तसं दिसलं पाहिजे. आणि पुराच्या दिवसांत पुलावर किंवा घाटावर फोटोसाठी जायचं नाही, गच्चीवरूनच काढायचा. हे मुलांना आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या वडिलांना सांगतोय.

माझे गुडघे आता चार मजल्यांना कुरकुरतात. हे काम कोण घेणार, असं मी मघाशी विचारलं, तर सतरंजीवरून तीन हात वर आले. तिघांनाही नेमून टाकलं आहे! आजवरचे सगळे फोटो पेन ड्राइव्हमध्ये भरून सोसायटीच्या दप्तरी जमा करतोय, सेक्रेटरीसाहेबांनी पोच द्यावी.

 चला, रस्सा निवतोय.