उसन्या सुरांचें धन

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, पुणें येथें, तीन गिटारींच्या वादनापूर्वीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या संध्याकाळीं तीन गिटारींचें वादन व्हावें असें महोत्सव-समितीनें ठरविलें, तेव्हां कित्येक वडीलधाऱ्या मंडळींनीं मला विचारलें, "फादर, पन्नास वर्षांच्या सोहळ्याला हें परकें वाद्य कशाला? भजन ठेवा, पेटी-तबला ठेवा." प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर मीं आजवर लांबणीवर टाकलें. कारण तें देतांना मला माझ्या एका चुकीची कबुली द्यावी लागणार होती. ती प्रथम देतों.

मला गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. आपल्या उपासनेला या मातीचा वेष हवा, या विचारानें मी भारलेला होतों. तो विचार मला आजहि मान्य आहे. एका रविवारीं सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आपली गिटार घेऊन मराठी मिस्सेला आला. भजनाला साथ करण्याची त्याची इच्छा होती. "हें परकें वाद्य आहे, मराठी मिस्सेंत याला जागा नाहीं," असें मीं त्याला सर्वांदेखत सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें गिटार पिशवींत घातली व मागच्या दारानें निघून गेला. गायकवृंदांत तो पुन्हां आला नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं भजन पेटीवर म्हटलें. आणि ती पेटी कोठली? आलेक्सांद्र देबें नांवाच्या कारागिरानें १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें घडविलेल्या वाद्याची ती वंशज. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातानें भाता हलवून वाजविण्याजोगें रूप दिलें, म्हणून ती आपल्या मांडीजवळ बसली. तिलाहि एकदां परकी ठरविण्यांत आलें होतें. १९४० मध्यें आकाशवाणीनें तिला हद्दपार केलें व ती बंदी सुमारें तीन दशकें टिकली. एका परदेशी पाहुणीला मी घरची समजलों, आणि दुसरीला दारांतून परत पाठविलें. गिटारीबरोबर एक मूलहि परत गेलें, हें मला फार उशिरां कळलें.

ख्रिस्तसभेचा नियम याबाबतींत काय आहे? पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सिसिलियाच्या सणादिवशीं, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यांत पियानो आणि ढोल-झांजांसारखीं गोंगाटी वाद्यें चर्चमध्यें वर्ज्य केलीं; गिटारीचें नांव त्यांत नाहीं. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानांत पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाहि दार उघडलें. अटी इतक्याच कीं, त्या त्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांची संमति असावी, वाद्य पवित्र कार्यास योग्य असावें, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावें आणि भाविकांच्या श्रद्धेस पोषक व्हावें. वाद्याचा जन्म कोणत्या देशांतला, ही अट त्यांत नाहीं.

आणि गिटार चर्चच्या दाराशीं कांहीं काल आलेली नाहीं. १८१८ सालीं नाताळच्या आदल्या दिवशीं, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ गांवीं, योझेफ मोर नांवाच्या तरुण साहाय्यक धर्मगुरूनें आपलें एक गीत चर्चमध्यें प्रथम गायिलें. शब्द त्यानें दोन वर्षांपूर्वीं लिहिले होते. चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरानें दिली होती. दोघे गायिले, आणि साथीला मोरच्या हातांतील गिटार होती. उंदरांनीं ऑर्गन कुरतडला होता, ही गोष्ट मागाहून जोडलेली दिसते. गिटार मात्र खरी. हालाईन येथील संग्रहालयांत ती आजहि जपून ठेवलेली आहे. आपण दर नाताळांत गातों तें 'सायलेंट नाइट' तें हेंच.

आतां आज आपण जें ऐकणार आहों त्याविषयीं. गिटारीची तार छेडली कीं नाद उमटतो, आणि उमटतांच विझूं लागतो. ऑर्गनवादक स्वर हवा तितका वेळ धरून ठेवूं शकतो. गिटारवादकास तें साधत नाहीं. म्हणून तीन गिटारी एकत्र वाजतात तेव्हां एकाचा स्वर विझण्यापूर्वीं दुसऱ्याला आपला स्वर त्याच्या पाठीशीं ठेवावा लागतो. शिवाय व्हायोलिन व बांसरी एकत्र वाजलीं तर कानाला त्यांतील भेद लगेच कळतो. येथें तिन्ही वाद्यें एकाच आवाजाचीं. एकानें जोर केला कीं दुसरा नाहींसा होतो. चाल कधीं पहिल्याकडे असते, कधीं तिसऱ्याकडे. जिच्याकडून चाल गेली त्या गिटारीनें आपला आवाज आपणहून उतरवावयाचा असतो. पुढें उभा राहून काठी हलविणारा कोणी नसतो. तिघें एकमेकांकडे पाहतात, एकदम श्वास घेतात आणि आरंभ करतात.

कार्यक्रमपत्रिका पाहून कोणी म्हणेल, ही खिचडी आहे! इटालियन रचना, व्हिवाल्डी, गोव्याचा मांडो, नाताळचें गीत आणि शेवटीं मराठी भजन. पण याचें कारण समजून घ्यावें. मुळांत तीन गिटारींसाठींच लिहिलेलें संगीत थोडें आहे. लिव्होर्नोच्या फिलिप्पो ग्रान्यानीनें (१७६८–१८२०) असें एक त्रिकूट लिहिलें. विसाव्या शतकांत जर्मनीच्या पाउल हिंडेमिटनें एक राँदो लिहिला. आणखीहि कांहीं रचना आहेत. तेवढ्यावर भागत नाहीं, म्हणून अशा वादकांना दारोदार जावें लागतें. ॲमस्टरडॅमच्या एका नामांकित गिटार-त्रयीनें व्हिवाल्डीचे 'चार ऋतु' आणि बाखचे ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो तीन गिटारींवर वाजविले, ते असेच मागून आणलेले. मात्र उसनें घेणें म्हणजे जसेंच्या तसें उचलणें नव्हे. साऱ्या वाद्यवृंदाचें काम अठरा तारांत बसवावयाचें, तर काय ठेवावें आणि काय सोडावें याचा विचार ओळीओळीला करावा लागतो. व्हायोलिनचा लांब स्वर गिटारीवर टिकत नाहीं. तो पुन्हां पुन्हां छेडून जिवंत ठेवावा लागतो. जें उसनें घ्यावयाचें, तें आधीं मनापासून समजावें लागतें.

बंधुभगिनींनो, आपलें घर तरी याहून निराळें कोठें आहे? १७९२ मध्यें सवाई माधवराव पेशव्यांनीं आपल्या पदरच्या गोव्याकडील ख्रिस्ती शिपायांसाठीं या शहरांत चर्चला जागा दिली. पुण्यांतील कॅथलिक उपासनेचा आरंभच असा दुसऱ्यानें दिलेल्या जागेवर झाला. १६१६ मध्यें राशोल येथें 'ख्रिस्तपुराण' छापून झालें, त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. त्यांनीं ओवी आपल्याकडून उसनी घेतली आणि इतक्या प्रेमानें घेतली कीं आपण ती परत मागितली नाहीं. आपल्या धर्मग्रामांत नगरकडचीं कुटुंबें आहेत, वसईचीं आहेत, गोव्याचीं, मंगळूरचीं आणि तामिळहि आहेत. प्रत्येकानें येतांना आपलीं गाणीं बरोबर आणलीं. आपण तीं एकमेकांस उसनीं मात्र दिलीं नाहींत. मराठी, इंग्रजी आणि तामिळ असे तीन गायकवृंद तीन वेगळ्या मिस्सांना गातात. महोत्सवाच्या मिस्सेंत कोणाचीं गीतें किती असावींत, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या आणि तिसरींत आवाज चढले, हें आपणांस ठाऊकच आहे.

आज वाजविणारीं तिघें त्या तीन गायकवृंदांतून आलेलीं आहेत. गेले चार महिने दर गुरुवारीं रात्रीं तीं या सभागृहांत बसत होतीं. भांडणें त्यांचींहि झालीं; मीं वरच्या खोलींतून ऐकलीं आहेत. शेवटचें भजन त्यांना फार जड गेलें. पडदे असलेल्या गिटारीवर गळ्यांतली मींड निघत नाहीं. तामिळ मुलानें तोड काढली. त्यानें सहावी तार एक स्वर उतरविली. तेव्हां खालच्या तीन तारा षड्ज, पंचम, षड्ज अशा बोलूं लागल्या आणि गिटारीचा तंबोरा झाला. मराठी मुलगी चाल वाजविते, गोव्याचा मुलगा लय सांभाळतो, आणि ज्याची ती भाषा नव्हे तो साऱ्या भजनाला आधारस्वर देतो. बैठकींत आम्हां वडीलमंडळींना जें जमलें नाहीं, तें या मुलांनीं एक तार उतरवून केलें.

म्हणून माझी एक विनंति आहे. उद्यांपासून प्रत्येक गायकवृंदानें इतर दोघांचें एकेक गीत शिकावें, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारीं तिन्हींनीं मिळून एका मिस्सेला गावें. उच्चार चुकतील, चुकूं द्या. चाल आपल्याकडे नसेल तेव्हां आवाज उतरवून दुसऱ्याला आधार देणें, हें संत पौलानें देह आणि अवयव यांच्या दृष्टांतानें केव्हांच सांगितलें आहे.

ज्या मुलाला मीं परत पाठविलें तो आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. तो आतां प्रौढ झाला असेल. भेटल्यास मी त्याची क्षमा मागेन. तोंवर त्याच्या जागीं हीं तीन मुलें ऐकावयाचीं, हेंच माझें प्रायश्चित्त.

गिटारीचा आवाज लहान असतो. कृपा करून पंखे बंद करावे, मुलांना जवळ घ्यावें, आणि शेवटचा स्वर पूर्ण विझेपर्यंत टाळी वाजवूं नये. प्रभु येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.