परसातली पात आणि कागदावरची बाई

(महिला शिबिरात केलेले भाषण)



आज मला परसबागेवर बोलायला सांगितलंय. शिबिराच्या पत्रिकेत हा विषय 'आहार' या सदरात आहे. मी तो कामाच्या आणि हक्काच्या सदरात मांडणार आहे.

उदाहरणाला कांद्याची पात घेऊ. टोपलीतले कोंब फुटलेले कांदे फेकू नका. भुसभुशीत मातीत मूठभर कुजलेलं शेणखत मिसळा. कांदा निम्मा मातीत, निम्मा वर, अशी वीतभर अंतरावर लागवड करा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. चिखल होऊ दिला तर कांदा कुजतो. तीन-चार आठवड्यांत पात कापायला येते. बुडाशी चार बोटं ठेवून कापली की पुन्हा फुटते. दिवाळीच्या सुमारास लावलेले दोन-तीन कांदे मात्र कापू नका. थंडीत त्यांना डेंगळे येतात, पांढरा गोंडा फुलतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काळं बी मिळतं. ते वर्षभरात पेरा, जुनं बी नीट उगवत नाही.

या हिरव्या पातीतून 'अ' जीवनसत्त्व मिळतं. नुसत्या कांद्यात ते नसल्यात जमा. पण पीठ पेरून केलेली ही भाजी आधी कुणाच्या ताटात जाते? कढईच्या बुडाला उरलेली बाईला. तेव्हा बाग लावतानाच पंगतही बदलू या. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, मुलीला मुलाइतकंच वाढायचं.

आता कामाचं बघा. माती आपण खणतो, पाणी आपण घालतो, बी आपण राखतो. कुणी विचारलं तर सांगतो, "काही नाही, घरीच असते." 2011-12 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांना परसबागेबद्दल वेगळा प्रश्न होता. म्हणजे हे काम होतं, हे सरकारला ठाऊक होतं. तरीही घरकामाच्या रकान्यातल्या या बायका श्रमशक्तीबाहेरच धरल्या गेल्या!

आणि जागा? आमच्या गटातल्या एका बाईने आठ वर्षं परस राखलं. पावसाळ्यात घरची भाजी त्यावर निघायची. एक दिवस दिराने मोटारसायकल लावायला तिथे फरशी घातली. तिला कुणी विचारलं नाही, कारण विचारावं असं तिचं नाव कुठेच नव्हतं. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "माती माझ्या हाताची, जागा त्यांची."

महाराष्ट्रात 2003 साली 'घर दोघांचे' मोहीम निघाली. घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं, हा तिचा हेतू. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर-आकारणीची नोंद. मालकीचा पक्का पुरावा नव्हे. पण नाव असलं की बाईला निदान विचारावं लागतं, आणि तिला कागद दाखवून बोलता येतं.

म्हणून इथून गेल्यावर तीन कामं करा. घरी पात लावा. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा काढा, त्यात आपलं नाव आहे का आणि मागची मोकळी जागा नोंदली आहे का ते बघा. नसेल तर गटाने मिळून अर्ज द्या. आणि जनगणनेचा माणूस दारात आला की "काही करत नाही" म्हणू नका. काय काय करता ते एकेक सांगा आणि त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा.

पुढच्या बैठकीला येताना उतारे घेऊन या. कुणाकडे बी जास्त असेल तर तेही आणा.